दहानंतरचा कायदा

जेद्दाच्या उन्हाळ्यात मुलांचा दिवस रात्रीच सुरू होतो. दुपारी बाहेर पाय ठेवायची सोय नसते, म्हणून इशाची, म्हणजे रात्रीची नमाज झाली की शराफियातल्या आमच्या बिल्डिंगची पोरं खाली उतरतात आणि मध्यरात्रीपर्यंत वर यायचं नाव घेत नाहीत. माझी अकरा वर्षांची लेकही त्यातलीच. मी हॉस्पिटलात नर्स. ड्यूटीवरून दमून यायचं आणि हिला हाका मारून घसा बसवून घ्यायचा. वर आली की हिचा एकच सवाल, "व्हाय?"

एकदा वैतागून मी ठोकून दिलं, की इथे तसा कायदाच आहे. सोळा वर्षांखालचं मूल रात्री दहानंतर आईबापांशिवाय बाहेर दिसलं, तर पोलीस बापाच्या इकाम्याचा, म्हणजे इथे राहायच्या परवान्याचा नंबर लिहून घेतात. मग इकामा रद्द, खलास, पप्पा कायमचे रत्नागिरीला. इकाम्याचा विषय निघाला की आमच्या घरात मोठी माणसंही आवाज खाली करतात, हे तिने कळायला लागल्यापासून पाहिलेलं. दुसऱ्या दिवसापासून ती दहाच्या आत घरात. मी स्वतःवर खूश. बिल्डिंगमधल्या इतर आयांनाही मी हा उपाय शिकवला.

"पोरीला कशाला घाबरवतेस?" नवरा म्हणाला.

"मग तुम्हीच जात जा खाली तिला आणायला," मी म्हटलं.

गेल्या महिन्यात माझी रात्रपाळी होती. नवऱ्याला मधुमेह आहे. त्या रात्री त्याचं जेवण लांबलं आणि साखर उतरून तो सोफ्यावर आडवा झाला. लेकीने मला फोन केले, पण माझा फोन लॉकरमध्ये. शेजारचं दार वाजवलं, तर शेजारी फिरायला गेलेले. खाली वॉचमन होता, फार्मसी उघडी होती. ती गेली नाही. दहा वाजून गेले होते. शेजारी परत येईपर्यंत ती बापाच्या हिरड्यांना मध चोळत बसून राहिली.

शेजाऱ्यांनी त्याला आमच्याच हॉस्पिटलात आणलं. निरोप मिळताच मी वॉर्डातून धावत इमर्जन्सीत आले. ग्लुकोज लावलं होतं, तो डोळे उघडून बोलत होता. माझा जीव भांड्यात पडला. लेक मात्र काउंटरपाशी उभी होती, पप्पांचा इकामा मुठीत आवळून. काउंटरवरची सौदी मुलगी तो मागत होती आणि ही देत नव्हती.

"गाडीत मी खाली वाकून बसले होते," ती माझ्या कानात म्हणाली. "कोणी पाहिलं नाही. पण यांनी नंबर लिहिला तर कळेल ना, मी बाहेर आहे ते."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी काही बोलायच्या आत तिनेच काउंटरवरच्या मुलीला इंग्रजीत तो सगळा कायदा समजावून सांगितला, पप्पांना परत पाठवू नका म्हणून विनवलं. माझ्या वॉर्डातल्या दोघी नर्स बाजूला उभ्या राहून ऐकत होत्या.

"असा काही कायदा नाही, हबीबती," ती मुलगी हसून म्हणाली. "तुला कोणी सांगितलं?"

लेकीने माझ्याकडे पाहिलं. तेव्हा मी बोलायला हवं होतं. मी हातातल्या पेनाचं टोपण लावत राहिले.

"शाळेतल्या एका मैत्रिणीने," ती म्हणाली आणि इकामा काउंटरवर ठेवला.