आधी देवी, मग मावशी

बाबांना सुट्टी मिळाली हेच मुळी आश्चर्य होतं. राज्य नुकतंच झालं होतं, रायपूर राजधानी झालं होतं, आणि सरकारी कचेरीतल्या प्रत्येक बाबूला आपल्यावाचून छत्तीसगड एक दिवसही चालणार नाही असं वाटत होतं. आमच्या बाबांना तर जरा जास्तच. तरी बारा दिवस मिळाले आणि कोकणात जायचं ठरलं. भोसल्यांच्या काळात आमचे पूर्वज रायपूरच्या तात्यापाऱ्यात येऊन राहिले, कुलदेवी मात्र तिकडेच राहिली, समुद्राकाठच्या एका टेकडीवर. आमच्या घरातलं कोणी तिच्या दर्शनाला शेवटचं कधी गेलं होतं, ते कोणालाच सांगता येईना.

आईचा जीव अडकला होता मावशीत. आई वेंगुर्ल्याची. तिचे एक मामा रायपूरला रेल्वेत होते, त्यांनी हे स्थळ आणलं आणि ती इतक्या लांब येऊन पडली. तिची आई गेली तेव्हा ती शेवटची माहेरी गेली होती. त्यालाही अठरा वर्षं झाली होती. थोरल्या बहिणीचे गुडघे गेलेले, तिला रायपूरला येणं शक्य नव्हतं. तिने पत्र पाठवलं होतं, की तू आलीस की तिसऱ्या आणते, आई करायची तशा करू. खाडीतल्या त्या शिंपल्यांचं ओल्या खोबऱ्यातलं सुकं आई आम्हांला वर्षानुवर्षं नुसतं तोंडी वाढत आली होती. ते पत्र तिने पर्समध्ये ठेवलं होतं.

कार्यक्रम मी आखला. बावीस वर्षांची होते आणि स्वतःच्या हुशारीवर भलतीच खूश होते. रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, मग देवी, आणि शेवटचे दोन दिवस मावशीकडे. तेवढ्यात ब्राह्मणपाऱ्यातल्या आत्याने, म्हणजे बाबांच्या थोरल्या बहिणीने, फर्मान काढलं. दर्शन मंगळवारीच घ्यायचं, आणि दर्शन होईपर्यंत मासळीला शिवायचं नाही. आत्या जन्मात समुद्राकडे गेली नव्हती, पण देवीचे सगळे नियम तिला पाठ होते.

मग काय विचारता. रत्नागिरीला थिबा राजवाड्यासमोर आम्ही घरून आणलेली बेसनाची, कडबोळ्यासारखी ठेठरी खाल्ली. विजयदुर्गाच्या तटावर गुळाची, शंकरपाळ्यासारखी खुरमी खाल्ली. मालवणला धक्क्यावर शेजारच्या खाणावळीत सुरमई तळत होती, वास थेट नाकात येत होता, आणि आमचे बाबा पेपर पसरून त्यावर रायपूरहून आणलेला पोह्यांचा चिवडा वाढत होते. किनारा इतका सुंदर होता की मला रडू यावं, आणि मी तो दात ओठ खात पाहत होते. मावशीकडे आधी जाऊ म्हटलं, तर तिच्या भांड्यांना मासळी लागलेली असेल, म्हणून तेही नाही. आई काहीच बोलत नव्हती, आणि मला बाबांपेक्षा तिचाच जास्त राग येत होता.

"आई, तू काहून काही बोलत नाही?" मी एकदा वाळूत उभी राहून विचारलंच.

"बोलून काय होते," ती म्हणाली आणि पाण्यात पाय घालून उभी राहिली.

बाबा रोज संध्याकाळी एसटीडी बूथवरून आत्याला अहवाल देत. सोमवारी मालवणच्या बूथमधून बाहेर आले ते चेहरा पाडून. आत्याला आणखी एक नियम आठवला होता. कुलदेवीचं दर्शन झालं की सरळ घरी जायचं. मध्ये कुठे मुक्काम नाही, कोणाच्या घरचं पाणीसुद्धा नाही, नाहीतर देवी त्याच घरी राहून जाते. म्हणजे दर्शनाआधी मावशी नाही, आणि दर्शनानंतरही मावशी नाही. मी म्हटलं, आपलं रिझर्वेशन गुरुवारचं आहे. बाबा म्हणाले, जनरलच्या डब्यात बसू. मी बूथसमोरच भांडले, रस्त्यावरचे लोक बघायला लागले.

मंगळवारी सकाळी टेकडीच्या पायथ्याशी जीप थांबली. फुलवालीकडून ओटीचं सामान घेतलं, आणि आई तिच्याच बाकड्यावर बसली. खण-नारळ तिने बाबांच्या हातात दिला.

"तुम्ही या जाऊन. मी नाही येऊन राहिली."

बाबांना वाटलं तिला पायऱ्या जड जातात. ते म्हणाले, हळूहळू चढू.

"तसं नाही. दर्शन घेतलं की सरळ घरी जा लागते ना? मले ताईकडे जायचं आहे. म्हणून मी दर्शनच नाही घेत."

"अन् ओटी कोण भरन?"

"तुम्ही द्या. देवी घेते."

यावर आत्याचा नियम काय, ते बाबांना माहीत नव्हतं, आणि तिथे फोन नव्हता. ते ओटी घेऊन पायऱ्या चढायला लागले. आणि मी? आठ दिवस घसा कोरडा करून भांडलेली मी मुकाट्याने त्यांच्यामागे चढले. देवीला डोकं टेकलं आणि मग लक्षात आलं, की आता मलाही सरळ घरीच जायचं आहे. खाली आलो तेव्हा बाकडं रिकामं होतं. फुलवाली म्हणाली, त्यांना वेंगुर्ल्याची एसटी मिळाली.

आम्ही दोघं जनरलच्या डब्यात उरलेली ठेठरी खात रायपूरला पोचलो. आई पंधरा दिवसांनी आली, सुक्या बांगड्यांची पिशवी घेऊन. तिसऱ्या खाल्ल्यास का, असं विचारलं तर म्हणाली, दोनदा वाढून घेतल्या.

त्यानंतर ती दरवर्षी एकटी जात राहिली. टेकडी एसटीतून दिसते, ती तिथूनच हात जोडायची आणि पुढे जायची. आत्या दर वेळी विचारायची, यंदा तरी दर्शन घेतलं का, आणि आई म्हणायची, पुढच्या खेपेला घेते. अशी अकरा वर्षं गेली.

मावशी वारली त्या वर्षी आईने दर्शन घेतलं, आणि कुठेही न थांबता सरळ घरी आली.