उलट्या हाताचा नियम

आमच्या घरात फ्रिज उघडायचा तो आधी उलटा हात लावून. बोटांच्या मागच्या बाजूने दाराला हलकेच शिवायचं, काही लागत नाही ना बघायचं, मग मूठ धरायची. मिक्सर, गीझर, इस्त्री, सगळ्यांना हाच नियम. बाबांनी मला पाढ्यांच्या आधी हे शिकवलं होतं. "तळहाताने धरलंस आणि करंट असला, तर मूठ आपोआप आवळते. मग सोडता येत नाही. उलटा हात झटकला जातो." एचएसआर लेआउटमधल्या माझ्या ऑफिसात मी कॉफीच्या मशिनला अजूनही असाच हात लावते. नव्या लोकांना वाटतं, मी मशिनला चापट मारतेय.

बाबा इथल्याच एका सरकारी कारखान्यात इंजिनिअर होते, पॉवर सप्लाय बनवणाऱ्या विभागात. निवृत्त झाल्यावर बनशंकरीच्या घराची मागची बाल्कनी हा त्यांचा कारखाना झाला. गल्लीतले लोक बिघडलेले मिक्सर घेऊन फाटकाशी उभे राहत. "अण्णा, स्वल्प नोडी," जरा बघा असं कन्नडमधून म्हणत, आणि बाबा चहा अर्धा टाकून उठत. आई बेळगावकडची. ती म्हणायची, "ह्यांना जेवायला चार हाका, मिक्सरला एक पुरते बघ." माणूस सुखी होता. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं त्यात पणाला लागलं ते हेच सुख.

माझी गिटार मात्र त्यांना कधी आवडली नव्हती. "तंबोऱ्याला प्लग लागत नाही," एवढंच म्हणायचे. त्यामुळे त्या शनिवारी मी ऑफिसजवळच्या माझ्या खोलीवरून घरी येऊन दिवाणखान्यात जमिनीवर सगळा पसारा मांडून बसले असताना ते शेजारी येऊन उकिडवे बसले, तेव्हाच मला पहिला धक्का बसला होता.

पसारा म्हणजे माझी पेडलं. पेडल म्हणजे पायाने दाबायची एक लोखंडी डबी. एक डबी सूर खरखरीत करते, एक तो लांबवते, एक देवळाच्या गाभाऱ्यासारखा घुमवते. गिटार आणि अ‍ॅम्प (तिचा आवाज मोठा करणारी पेटी) यांच्या मध्ये अशा पाच-सहा डब्या एकापुढे एक जोडायच्या आणि प्रत्येकीला वीज द्यायची. मी एकाच स्वस्त अडॅप्टरला फाटे फोडून सगळ्या डब्या चालवत होते. बाबांनी ती फाट्यांची माळ दोन बोटांनी उचलली, गटारातून काहीतरी काढल्यासारखी.

"हे कुणी केलं?"

"मी."

"माझ्या मुलीने," ते म्हणाले, माझ्याकडे न बघता, आणि माळ घेऊन बाल्कनीत गेले. पेडलबोर्ड, म्हणजे ही डब्यांची सगळी मांडणी, त्या क्षणी माझा राहिला नाही.

मग आमची भांडणं सुरू झाली, आणि मी कबूल करते, मला ती फार आवडली. माळेच्या जागी ते सगळ्या डब्यांना वीज देणारा एक सप्लाय बांधत होते. त्यांचं म्हणणं, जास्त करंट खाणारी डबी सप्लायला चिकटून हवी. मी म्हटलं, डब्यांचा क्रम आवाजाने ठरतो. खरखर आधी, घुमणं शेवटी. उलट केलं तर आधी कोथिंबीर पेरून मग वरून फोडणी ओतल्यासारखं होतं. हे त्यांना लगेच पटलं, कारण त्यांना स्वयंपाक अजिबात येत नाही. पुढच्या आठवड्यात त्यांनी स्वतःच विचारलं, "तुझी कोथिंबीर कुठली, निळी का पांढरी?"

दुसरा धक्का पाटाचा. डब्या बसवायला फळी हवी होती. मी रविवारी आले तर बाल्कनीत ड्रिल चालू होतं आणि खाली आईचा सागवानी पाट होता. कोपऱ्यांना पितळी फुलं असलेला, लग्नात ती ज्यावर उभी राहिली तो. वायरी खालून न्यायला त्याला ओळीने भोकं पाडलेली. माझ्या हातातली पिशवीच गळाली. आई ओट्याशी होती. ती हात पुसत आली, पाट बघितला, आणि एका भोकात बोट घालून पाहिलं.

"अहो, काय करायलाय तुम्ही हे?"

"सागवान आहे," बाबा म्हणाले. "वाकणार नाही."

मला वाटलं, आता घरात चूल पेटत नाही. पण आईने पाटावर हात फिरवला, भुसा झटकला आणि माझ्याकडे वळली. "सरी, असू दे. भोकं पडली ती पडली. पण पायताण घालून ह्या पाटाला पाय लावायचा नाही बघ. अनवाणी वाजवायचं." मी हो म्हटलं. अनवाणी वाजवायला माझं काय जात होतं?

आता जरा विजेचं सांगते, त्यावाचून पुढचं कळायचं नाही. प्लगमध्ये एक हिरवी वायर असते, अर्थिंगची. यंत्रात कुठे करंट फुटून बाहेर आला, तर तो माणसातून न जाता त्या वायरीतून जमिनीत जातो. माझा अ‍ॅम्प जुना, जड, दुसऱ्या हाताने घेतलेला. तो पाटावरच्या डब्यांना जोडला की घरघर करायचा. बाबांनी निदान केलं. अ‍ॅम्पला अर्थिंग दोन वाटांनी मिळतंय, एक त्याच्या स्वतःच्या प्लगातून आणि दुसरं गिटारच्या केबलीतून, आपल्या डब्यांच्या सप्लायमार्गे. दोन वाटा झाल्या की घरघर येते. म्हणून त्यांनी अ‍ॅम्पच्या प्लगातली हिरवी वायर सोडवली. मी चमकले. जन्मभर अर्थिंगचा धोशा लावणारा हा माणूस हिरवी वायर काढत होता.

"दुसरी वाट आहे ना," ते म्हणाले. "विचार करून काढलीय." घरघर थांबली. घरात एवढी शांतता झाली की आईच्या कुकरची वाफसुद्धा ऐकू आली. बाबांचा चेहरा बघण्यासारखा होता.

हे श्रावणातलं. मग त्यांना तो सप्लाय साधा वाटू लागला. बाजारातल्या महागड्या सप्लायमध्ये प्रत्येक डबीची वीज वेगळी असते, कुणाचा कुणाशी संबंध नाही, असं मीच कधीतरी बोलून गेले होते. झालं. त्यांनी जुना मोडून नवा बांधला, प्रत्येक डबीला स्वतंत्र, कशाचा कशाला धागा नाही. सोल्डरचा एकेक डाग असा दिलेला की मोत्यासारखा. गणपतीच्या आदल्या आठवड्यात तो पाटाखाली बसला, आणि मी गिटार जोडून चप्पल घालून सोफ्यावर बसून वाजवली. आवाज स्वच्छ होता. आम्ही दोघांनी टाळी दिली.

जे. पी. नगरात आमच्या मराठी मंडळींचा गणपती एका भाड्याच्या हॉलमध्ये बसतो. संध्याकाळच्या कार्यक्रमात मी वाजवणार होते आणि सकाळी आरतीनंतर तालीम होती. आरतीच्या आधी हॉल धुतलेला, स्टेजचीही फरशी ओली. बाबांनी पाट स्वतः उचलून स्टेजवर ठेवला. आई पहिल्या रांगेत, मांडीवर प्रसादाचा डबा. मी चपला काढल्या, एक पाय पाटावर ठेवला, एक खाली फरशीवर, आणि तारांवर हात टाकला.

उलटा हात लावला नाही. बाबांनी केलेली वस्तू होती ती. तिला कुठे उलटा हात लावायचा?

त्यानंतरचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. आवाज नाही, दुखणं नाही, नुसता एक प्रचंड कंप, आणि माझा डावा हात गिटारच्या मानेभोवती आवळलेला. सोड, सोड, असं मी त्याला सांगत होते आणि तो माझा हात नव्हता. मी कोसळले. आई डबा टाकून धावत स्टेजवर आली, दोन्ही हात माझ्याकडे पसरून. आणि बाबांनी, ज्यांनी उभ्या जन्मात तिच्यावर आवाज चढवला नव्हता, तिला खांद्याने अशी धडक दिली की ती बाजूला जाऊन पडली. मग त्यांनी भिंतीतला प्लग मुळासकट उपटला. हात सुटला. हॉलमध्ये कुणी हलत नव्हतं, आणि माझी नजर मात्र आईवर खिळली होती. ती कोपर धरून पडली होती आणि बाबांकडे अशी बघत होती, की हा कोण माणूस.

डॉक्टरांनी मला तपासून संध्याकाळी घरी सोडलं. बोटांवर तारांचे चट्टे राहिले, बाकी काही नाही. त्याआधी दवाखान्यातच बाकड्यावर बसून आई म्हणाली, "ढकललं नसतं तर मीपण चिकटले असते की." बाबांनी ते ऐकलं की नाही कोण जाणे. ते कुणाला उद्देशून नाही असं बोलले. "पेटी जुनी, तिच्यात करंट फुटला. एक वाट मी श्रावणात बंद केली. दुसरी नव्या सप्लायने बंद झाली. ती चालू आहे म्हणून तर पहिली काढली होती." मग पुन्हा तेच, पहिल्यापासून. मला भीती वाटली ती तेव्हा. स्टेजवर भ्यायला वेळच मिळाला नव्हता.

त्या दिवसापासून बाबांनी कशाला हात लावला नाही. मी फोन केला की आई हळू आवाजात सांगायची. बाल्कनीला कुलूप आहे. मिक्सर घेऊन आलेल्या अक्कांना फाटकातूनच परत पाठवलं. "परवा बल्ब गेला, तर मला म्हणतात, कुणाला तरी बोलाव. बल्ब गं. नुसते हातावर हात ठेवून बसलेत." मला आधी वाईट वाटलं, मग राग आला. करंट मला बसला होता. मी दुसऱ्या आठवड्यात कामावर गेले, आणि हे असे बसलेत? पण घरी गेले आणि ते फ्रिजसमोर उभे दिसले. पाणी हवं होतं. उलटा हात दारापाशी नेऊन ते थांबले, आणि पाणी न घेताच परत फिरले. माझा राग जागच्या जागी विरला.

खंडेनवमीला आमच्याकडे बाबांची हत्यारं पूजेला बसतात. इथे आयुधपूजा म्हणजे मोठा सण, गल्लीभर गाड्यांना हार आणि रस्त्यात फुटलेले कोहळे. त्या वर्षी बाबांनी काही काढलंच नाही. आईनेच कुलूप उघडून हाताला लागेल ते मांडलं. टेस्टर, पक्कड, सोल्डरची इस्त्री आणि मध्यभागी तो पाट, डब्यांसकट, प्रत्येक डबीला हळदकुंकू. अ‍ॅम्पच्या प्लगालाही लावलेलं. शेजारी स्वतःचं लाटणं ठेवलं होतं. "माझं पण आयुधच की," म्हणाली. बाबांनी लांबूनच हात जोडले.

पूजेतल्या हत्यारांना त्या दिवशी हात लावायचा नसतो. दसऱ्याला पूजा हलली, आणि मी स्क्रू ड्रायव्हर उचलून हिरवी वायर परत लावायची म्हणून तो कुंकू लावलेला प्लग खोलायला बसले. मुद्दाम दारासमोर बसले. बाबा दारात येऊन उभे राहिले.

"तुम्ही लावा," मी म्हटलं.

"नको. इलेक्ट्रिशियनला बोलाव."

मी प्लग खोलला. वायर सोलली. लाल पकडली आणि खाचेत सरकवली.

"हिरवी आधी," ते दारातूनच म्हणाले. मी लाल काढली. "आणि बाकीच्यांपेक्षा लांब ठेव. प्लग ओढला गेला तर सगळ्यात शेवटी तुटायला हवी ती."

हिरवी लांब ठेवली, आधी लावली. मग बाकीच्या. त्यांनी मला प्लग पुन्हा उघडायला लावला, वायर ओढून बघायला लावली, पुन्हा बंद करायला लावला. सगळं तोंडाने. हात पाठीमागेच. अ‍ॅम्प सुरू केला. मी तारांना टेस्टर लावला, दिवा लागला नाही. टेस्टर ठेवला, हात उलटा केला आणि पुढे नेला.

"थांब."

ते आत आले. चपला काढल्या. पूजेचा तांब्या उचलला, त्यातलं पाणी फरशीवर ओतलं आणि त्या पाण्यात उभे राहिले. मला वाटलं, आता ते उलटा हात लावतील. माझ्या सबंध आयुष्यात मी त्यांना दुसरं काही करताना पाहिलं नव्हतं. त्यांनी हात पुढे केला, तळवा वर वळवला, आणि गिटारची मान तारांसकट मुठीत धरली.

आई ओट्यापाशी होती, हातात लाटणं. अ‍ॅम्पमधून एक भसाडा, दबलेला आवाज आला, सगळ्या डब्यांतून फिरून घुमत राहिला. बाबांचे डोळे मिटलेले होते आणि बोटांची पेरं पांढरी पडली होती. आवळलेली मूठ आणि धरलेली मूठ बाहेरून सारखीच दिसते. आवाज विरला तरी ते तसेच उभे होते, आणि मी भिंतीतल्या बटणाकडे झेपावले.

"काही नाही," ते म्हणाले, आणि मूठ उघडली.