छतातले पाच स्विच

रुग्णालयात सगळेच त्यांना मामा म्हणत. खरे मामा ते एकाचेच, आणि तो आता त्यांचा साहेब झाला होता. ताईने गळ घातली म्हणून त्यांनीच भाच्याला इथे चिकटवलं, हाताला धरून नेटवर्कचं काम शिकवलं. साहेब झाल्यावर त्याने शिडीला हात लावला असेल तर शपथ. त्याचे डोळे आता पडद्यालाच चिकटलेले.

पडद्यावरचं नवं सॉफ्टवेअर सगळ्या नेटवर्कचा नकाशा काढायचं. त्यात जुन्या इमारतीत एकच स्विच, म्हणजे संगणकांच्या केबली एकत्र जोडणारी पेटी, दिसला. खरेदी झाली होती पाचांची, आणि ते बसवले होते मामांनी.

"बाकीचे कुठे गेले, मामा?" भाच्याने भर बैठकीत विचारलं. चोर म्हणाला नाही, एवढीच काय ती नात्याची लाज.

"छतात आहेत. चढून बघ की."

"नकाशात नाहीत ते मी आहेत कसे म्हणू?"

निवृत्तीच्या तोंडावर हा डाग! मामांच्या अंगाचा तिळपापड झाला. पण आदळआपट करून नकाशा थोडाच बदलतो? ते कामाला लागले. केबली ठीक होत्या. पासवर्ड बरोबर होता. पाचही स्विच चालू होते. मग त्यांनी एकेकाची सेटिंग उघडली आणि कपाळावर हात मारला. पाचही जण सॉफ्टवेअरला एकच नाव सांगत होते. ते बिचारं पाचांना एकच समजून बसलं होतं.

हे कोणाचं काम, ते मामांना लगेच आठवलं. शिकाऊ असताना भाच्याने कंटाळा करून पहिल्या स्विचची सेटिंग बाकीच्यांत जशीच्या तशी उतरवली होती. "नावं नंतर बदलतो, मामा," म्हणाला होता. ते नंतर कधी आलंच नाही.

मामांनी नावं बदलली, नकाशा पुन्हा काढायला लावला. पाचही स्विच दिसू लागले. मग भाच्याच्या खोलीचं दार लावून त्यांनी हळू आवाजात खरं कारण सांगितलं.

भाचा खाली बघत म्हणाला, "हे बाहेर नको, मामा. माझी बढती अडेल."

आणि बैठकीत मामांच्या देखत मान वर करून म्हणाला, "सॉफ्टवेअरमध्ये गडबड होती. मी शोधून काढली." काय ही हिंमत!

संध्याकाळी ताईचा फोन आला. "माझा मुलगा साहेब होता म्हणून वाचलास रे! नाहीतर या वयात चोर ठरला असतास. त्याचे उपकार विसरू नकोस हो."

खरं अगदी ओठांवर आलं होतं. मामांनी ते गिळलं.

"नाही विसरणार, ताई."