गोठासर

आमचे गोठासर वर्गात बोलायला लागले की मेडशीच्या एसटी थांब्यावरची माणसं माना वळवून शाळेकडे बघायची. एकदा विज्ञान शिकवताना ते 'प्रकाशसंश्लेषण' म्हणाले, तर पहिल्या बाकावरच्या पोरीच्या हातातलं पेन खाली पडलं. असला आवाज. आणि हाच माणूस शाळेमागच्या गोठ्यात शिरला की कुजबुजायचा. आम्ही आरडाओरडा करत आत गेलो तर ओठांवर बोट ठेवायचे. "हळू बोला. ते नवीन आलं हाय जगात. त्याले आधी आपला भरोसा येऊ द्या." या माणसाला देवानं दोन गळे दिलेत, असं मला त्या वयात खरोखर वाटायचं.

त्या गोठ्यामुळेच त्यांचं खरं नाव मागे पडलं. आमच्या शाळेत आठवीपासून दोघा-दोघांना मिळून एक कालवड सांभाळायला मिळे. जन्मल्यापासून वर्षभर तिला पाजायचं, तिचं शेण काढायचं, आणि दर शनिवारी छातीला टेप लावून ती किती वाढली ते वहीत लिहायचं. बाकीचे गुरुजी शाळा सुटली की मालेगावच्या गाडीत जागा धरायला पळत. गोठासर मात्र पँट गुडघ्यापर्यंत दुमडून आमच्यासोबत शेण काढत. ते रिसोडकडचे, पण आमच्या गावात खोली घेऊन राहिले ते वासरांसाठीच.

हजेरीचीही त्यांची एक तऱ्हा होती. गोठ्यात आमची हजेरी वासरं घेतात, असं त्यांचं म्हणणं. कोणाला सुट्टी हवी असेल तर त्यानं वासराच्या नावानं रजेचा अर्ज लिहायचा आणि त्याच्यापुढे उभं राहून वाचायचा. मला पोहरादेवीच्या यात्रेला जायचं होतं. 'प्रिय राणी, मी दोन दिवस येणार नाही, संघपाल तुला दूध पाजेल,' असं वाचताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझा जोडीदार संघपालच सगळ्यात जास्त खिदळत होता. सरांच्या चेहऱ्यावर मात्र हसू नाही.

"कारण खरं लिहिलं का?"

"हो सर."

"मंग मंजूर. तिनं कान हालवला."

आज वाटतं, सुट्टी घेताना आपल्यावर कोण अवलंबून आहे हे मला दुसऱ्या कोणीही इतकं नीट शिकवलं नाही.

त्यांचा खरा जीव होता तो चिकावर. चीक म्हणजे व्यालेल्या गाईचं पहिलं दूध. आमच्याकडे त्याचा खरवस माणसं मिटक्या मारत खातात, आणि वासराला मात्र गाईची जार, म्हणजे वार, पडेपर्यंत तोंड लावू देत नाहीत. आधी पाजलं तर जार पोटातच अडकते, हा पिढ्यान् पिढ्यांचा समज. सर म्हणायचे, "उलटं हाय बाप्पा. वासरू लुचलं तं जार लवकर पडते. पयल्या तासात चीक नाही भेटला तं त्याले जगाले बळ कुठून येईन?" हे आम्हाला इतकं पाठ होतं, की झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं.

पण पाठ असणं वेगळं. मी नववीत असताना बाबांनी आमची गाभण गाय शाळेच्या गोठ्यात बांधायला दिली. बाबा शाळा समितीवर होते आणि शब्दाचे पक्के होते. ती गाय व्याली नेमकी सर वाशीमला बैठकीला गेले त्या दिवशी, मधल्या सुट्टीत. कालवड झाली. मी आणि संघपालनं तिला पुसून कोरडं केलं, चीक काढला, बाटलीत भरला. तेवढ्यात बातमी कळून बाबा आले.

"जार पडू दे आधी."

"बाबा, सर म्हणतात…"

"गाय माही हाय का सराची?"

संघपाल माझ्या कानाशी म्हणाला, "आश्विनी, पाज." मी बाटली खाली ठेवली. आमच्या घरात बाबांना नाही म्हणायची कोणाची छाती नव्हती, माझी कुठून असणार? जार पडली ती दिवस मावळताना. सर एसटीतून उतरून आले तेव्हा कालवडीनं मान टाकलेली होती. त्यांनी फक्त "कवा व्याली?" एवढंच विचारलं आणि शेणात फतकल मारून तिला थेंब थेंब चीक पाजत बसले. डॉक्टर आले, सुया झाल्या. तिसऱ्या दिवशी तिला हगवण लागली आणि चौथ्या दिवशी ती गेली.

बाबा गोठ्यात आले ते भांडायच्या तयारीनंच. मी खांबाला धरून उभी होते. आता सरांचा तो आवाज फुटणार, बाबांना आणि मला गावासमोर सोलून काढणार, असं वाटत होतं. सर उठले, हात पुसले.

"चूक माही हाय, भाऊ," ते म्हणाले. "म्या पोराइले चीक पाजाले शिकवलं. मोठ्याइले 'नाही' म्हनाले शिकवलं नाही."

बाबा आले तसेच परत फिरले. केवढं मोठं मन म्हणायचं हे. मारलं असतं तरी मी इतकी रडले नसते.

दुसऱ्या दिवसापासून वर्गात नवाच तास सुरू झाला. सर डोक्याला रुमाल बांधून कोणाचा बाप व्हायचे, कोणाचा मामा, आणि छत हादरवून गरजायचे, "गाय माही हाय का तुही?" आम्ही एकेकानं उभं राहून, न चिडता, न घाबरता सांगायचं: "गाय तुमची हाय, पण वासराले आत्ताच पाजा लागते." संघपालला ते पहिल्याच दिवशी जमलं. माझा आवाज कापायचा थांबायला महिना गेला. सर रोज माझे बाबा व्हायचे. एकदाही कंटाळले नाहीत.

माझी दहावी झाली त्या उन्हाळ्यात संस्थेनं त्यांची बदली दुसऱ्या शाळेत केली. थांब्यावर अर्धं गाव जमलं होतं. बाबाही आले होते. त्या कालवडीबद्दल त्यांनी सरांकडे कधी चकार शब्द काढला नव्हता. एसटी आल्यावर मात्र पुढे झाले.

"सर, आता आमी इचाराचं कोनाले?"

"घरात हाय ना तुमच्या," सर म्हणाले. "तिले इचारा."

बाबांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि सरांची पिशवी उचलून गाडीत ठेवली.

पुढे पोळ्याच्या आसपास आमची दुसरी गाय अंगणातच व्याली. मी चुलीपाशी भाकरी थापत होते. बाहेर आत्याबाई आणि शेजारची दोन म्हातारी माणसं जमली होती, आणि जार पडेपर्यंत थांबा, असं तिघंही एका सुरात सांगत होती. मी पीठ लागलेल्या हातांनीच उठले. काय बोलायचं ते मनात तयार होतं. तर बाबाच स्वयंपाकघराच्या दाराशी आले. हातात चिकानं भरलेलं पातेलं होतं.

"आश्विनी, जार अजून पडली नाही," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "किती पाजू?"