कडू लागलं की हसायचे

"कडू आहे. म्हणजे माल आहे."

चिमूटभर पूड जिभेच्या शेंड्यावर, डोळे मिटलेले, मग बेसिनमध्ये थू! औषधी मुळांतला अल्कलॉइड, म्हणजे त्यांतला गुणकारी अंश, कडू असतो, म्हणून मोजणीआधी काकांची जीभ. अंबरनाथच्या आमच्या लॅबमध्ये ते सीनियर केमिस्ट, मी त्यांची असिस्टंट.

"काका, एक दिवस विषारी कुचल्याची पूड येईल आणि जाल वर!" मी ओरडायचे.

"जाईन की. पण रिपोर्ट देऊन जाईन."

मोजणी मात्र देवपूजेसारखी चालायची. अर्कात तपासणीच्या द्रावणाचा थेंब टाकल्यावर तळाशी नारिंगी साका बसला की काका हसायचे, आणि खाली मोठ्ठी सही ठोकायचे.

उल्हासनगरला कॅम्प तीनमधला एक दुकानदार ब्लडप्रेशरवर सर्पगंधेच्या गोळ्या विकायचा. नमुना तोच आणून द्यायचा. मेल्याचा नमुना अस्सल मुळांचा आणि बाटलीत नुसता भुसा! आम्हाला काय कळणार? टेबलावर येईल ते मोजायचं. त्याने काकांचा रिपोर्ट फ्रेम करून गल्ल्यामागे टांगला.

काकूंना प्रेशर होतं. बाजारात गेल्या असताना त्यांनी ती फ्रेम पाहिली आणि डॉक्टरांच्या गोळ्या गुपचूप बंद केल्या. "ह्यांची सही आहे त्यावर," असं आपल्या कात्रप भागातल्या शेजारणींना कौतुकाने सांगायच्या. एका सकाळी ओट्याशीच कोसळल्या. उजवी बाजू गेली.

काका ती बाटली घेऊन लॅबमध्ये आले. गोळी जिभेवर ठेवली, बराच वेळ ठेवली. "कडू नाही गं," म्हणाले. तरी अर्क काढला, थेंब टाकला. साका बसलाच नाही. मला तिथेच रडू फुटलं.

मीही त्यांच्याबरोबर दुकानात गेले.

"ती फ्रेम काढा," काका म्हणाले.

"क्यों साहब? रिपोर्ट झूठा है क्या?"

रिपोर्ट खोटा नव्हताच हो! काका तसेच मागे फिरले. मग त्यांनी सरकारी कचेरीत तक्रार केली. तिथल्या शहाण्यांनी नमुना मागवला, तोही त्या दुकानदाराकडूनच. आला, कडूजहर, आणि तक्रार फाइलबंद.

काकू वाकड्या तोंडाने शेवटपर्यंत तीच बाटली मागत राहिल्या. काकांनी त्यांना खरं सांगितलं नाही, कसं सांगणार? त्या गेल्यावर काका लॅबमध्ये फिरकले नाहीत, आणि पुढच्या दिवाळीआधी तेही गेले.

नंतर एकदा मी त्या दुकानावरून जात होते. एक बाई तीच बाटली मागत होती. मला राहवलं नाही. "ताई, नका घेऊ. आत काही नाही."

तिने भिंतीवरच्या फ्रेमकडे बोट केलं. "अहो, साहेबांची सही आहे ना," म्हणाली आणि बाटली पिशवीत टाकली.