लीडचा शब्द

सकाळी मतदान करून बोटाला शाई लावून घेतली आणि संध्याकाळी पुण्याहून वाशिमच्या ट्रॅव्हल्समध्ये बसले. "निवडणुकीच्या धामधुमीत तिकडे कशाला?" असं घरच्यांनी विचारून पाहिलं. निवडणुकीशी मला काही देणंघेणं नव्हतं. कुसुम वर्षानुवर्षं बोलावते आहे, आणि यावेळी तिने फोनवर "आता मी मेल्यावरच ये" असं सुनावलं, म्हणून निघाले. तरुणपणी दूरध्वनी खात्याच्या नोकरीत मी अकोल्याला होते, तेव्हा कॉलेजात शिकणारी कुसुम माझ्या खोलीत राहायची. पुढे तिचं लग्न अनसिंगजवळच्या एका खेड्यात झालं. त्या खेड्याचं नाव मी इथे लिहीत नाही. पक्षांची आणि उमेदवारांचीही लिहिणार नाही. नावं दिसली की वाचक ताबडतोब बाजू घेतो आणि पुढचं धड वाचत नाही, असा माझा अनुभव आहे.

ट्रॅव्हल्समधली झोप ही झोप नसते. मेहकर सोडलं तेव्हा पूर्वेला उजाडत होतं आणि वाशिमच्या अलीकडचं मालेगाव येईपर्यंत माझी मान आखडली होती. दोन्ही बाजूंना सोयाबीन काढून झालेली मोकळी रानं, मधूनच उभ्या तुरीचे हिरवे पट्टे, कुठे पांढरा झालेला कापूस. डोंगर म्हणावा असा डोंगर नाही, पण जमीन सपाटही नाही. वाशिमच्या स्टँडवर चहा घेतला. त्यात साखर इतकी, की मान दुखायची थांबली.

अनसिंगच्या जीपमध्ये माझ्या वाट्याला एका पोत्याचा कोपरा आला. शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी माझं बोट पाहिलं आणि ओळख ना पाळख, थेट विचारलं, "कोनाले देलं?"

"आजोबा, हे विचारायचं नसतं. मतदान गुप्त असतं," मी म्हटलं.

"तुमच्याकडं अशीन. आमच्याकडं सारेच सांगतेत. मंग पेटी फुटली का कयते, खोटं कोन बोललं ते."

यंत्रं येऊन किती वर्षं झाली, तरी इकडे अजून पेटीच 'फुटते'. मोजणीच्या दिवशी कुठल्या गावातून कुणाला किती मतं पडली हे तासाभरात गावात पोचतं, आणि मग गाव हिशेबाला बसतं, असं त्या गृहस्थांनी मला समजावून सांगितलं. त्यांना यात काही वावगं वाटत नव्हतं. मला मात्र ऐकूनच कसंसं झालं.

कुसुमचे यजमान प्रल्हादराव जीपपाशी न्यायला आले होते. उंच, पांढरा सदरा, मोठा आवाज. गावात सगळे त्यांना पल्हादभाऊ म्हणतात. गेली तीस वर्षं हा माणूस दुसऱ्यांच्या सभांसाठी खुर्च्या मांडत आला, दुसऱ्यांचे झेंडे लावत आला. घरी पोचून मी हातपाय धुते न धुते तोच त्यांनी मला सगळी हकिगत ऐकवली. अनसिंगच्या सभेत, चारशे माणसांसमोर, त्यांनी उमेदवाराला शब्द दिला होता: "आमच्या गावातून लीड भेटनच." लीड म्हणजे मताधिक्य. त्यावर उमेदवार म्हणाला होता, लीड द्या, येत्या जिल्हा परिषदेचं तिकीट तुमच्या घरात.

"अन् तिकीट इच्याच नावावर, ताई," प्रल्हादराव स्वयंपाकघराकडे हात करून म्हणाले. "आमचा गट बायायसाठी राखीव होऊन राह्यला असं म्हनतेत. सही तिची, धावपय माही."

हे त्यांनी बायकोला पैठणी आणल्यासारखं सांगितलं. कुसुम चुलीपुढे ज्वारीची भाकरी थापत होती. तिने भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं आणि मला विचारलं, "ठेचा चालते नं तुले? का पुन्याले जाऊन गोडच खाते आता?" ठेचा चालला. डोळ्यांतून पाणी आलं, पण पुण्याची अब्रू मी राखली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर चहाला युसुफभाई आले. विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करण्याचं त्यांचं दुकान पलीकडच्याच गल्लीत आहे. प्रल्हादराव आणि ते शाळेपासूनचे सोबती. सकाळचा चहा ते घरी पीत नाहीत, इथेच पितात, आणि आल्या आल्या कुसुमच्या चहाला नावं ठेवतात. "भाबी, आज अद्रक सस्ता झाला वाटते," असं ते म्हणाले. "तुमच्या घरी पेत जा मंग," असं उत्तर आतून आलं. हा रोजचाच खेळ असावा, कारण दोघंही हसले नाहीत.

मोजणीला अजून एक दिवस होता आणि प्रल्हादरावांचा जीव घरात रमेना. म्हणून आम्ही पोहरादेवीला गेलो. बंजारा समाजाचं हे मोठं देवस्थान. नगाऱ्याच्या आकाराची एक भलीथोरली इमारत दुरूनच दिसते. गर्दी यात्रेची नव्हती, पण गाड्या बऱ्याच होत्या आणि त्यांतून उतरणारी माणसं निम्मी तरी कार्यकर्ते वाटत होती. निकाल लागायच्या आदल्या दिवशी देवाला सगळ्या पक्षांना तोंड द्यावं लागतं. प्रल्हादरावांनी डोळे मिटून बराच वेळ हात जोडले. कुसुमनेही जोडले, आणि तिचे हात त्यांच्याही नंतर खाली आले.

"एवढं काय मागितलंस?" मी बाहेर आल्यावर विचारलं.

"त्यायनं मागतलं त्याच्या उलटं," ती म्हणाली आणि माझ्या हातात प्रसाद ठेवला. मला वाटलं थट्टा करते आहे.

तिथेच एका झाडाखाली कुणाच्या तरी नवसाचे रोडगे (गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले कणकेचे गोळे) चालले होते. आम्ही कोण, कुठले, हे न विचारता त्यांनी आम्हाला पंगतीत बसवलं. वरण, वांग्याची भाजी आणि तुपात कुस्करलेला रोडगा. मी तीन खाल्ले. परतीच्या वाटेत माझ्या चपलेचा अंगठा तुटला आणि उरलेला प्रवास मी एक पाय वर धरून केला, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

मोजणीच्या दिवशी प्रल्हादराव मला वाशिमला घेऊन गेले. कुसुम आली नाही, कापूस वेचायला बाया लावल्या होत्या. मोजणीच्या जागेपासून बऱ्याच अंतरावर पोलिसांनी कठडे लावले होते आणि कठड्यांच्या अलीकडे सगळा जिल्हा लोटलेला. ध्वनिक्षेपकावरून एकेका फेरीचे आकडे येत. आकडा आला की एका बाजूने आरोळी उठायची, दुसऱ्या बाजूची माणसं मान खाली घालून फोन बघायला लागायची. पुढच्या फेरीला बाजू बदलायच्या. पण चार-पाच फेऱ्यांनंतर बदलायच्या थांबल्या. प्रल्हादरावांचा उमेदवार पुढे गेला तो पुढेच राहिला. पोरं नाचायला लागली. माझ्या अंगावर मूठभर गुलाल पडला आणि खळ घातलेली क्रीम रंगाची साडी एका क्षणात कामातून गेली.

प्रल्हादराव नाचत नव्हते. त्यांचे डोळे फाटकाकडे होते. शेवटी आत बसलेला त्यांच्याकडचा प्रतिनिधी बाहेर आला, गर्दीतून वाट काढत जवळ आला आणि म्हणाला, "भाऊ, आपल्या गावची पेटी फुटली. मायनस हाये."

"कितीनं?"

"नऊ."

"नऊ?" ते म्हणाले. मग पुन्हा, हळू, "नऊ मतं."

मिरवणूक निघाली तेव्हा उमेदवाराचा उजवा हात समजला जाणारा एक जाडजूड माणूस जीपच्या टपावरून खाली वाकला. हसतच होता. "पल्हादभाऊ, साऱ्या पट्ट्यात तुमचंच गाव मांगं, बाप्पा. जिल्हा परिषदेचं पाहू मंग." 'पाहू'चा अर्थ मला परक्या बाईलाही कळला. प्रल्हादरावांनी त्याला हात जोडले. जिंकलेल्या पक्षाच्या गुलालात न्हालेला हा माणूस परत येताना जीपमध्ये रुमालाने तो गुलाल पुसत राहिला. मला त्यांची कीव आली, आणि खरं सांगायचं तर थोडा रागही. चारशे माणसांपुढे गावाचा शब्द द्यायला यांना सांगितलं होतं कुणी?

दुसऱ्या दिवशी सकाळी जीपमधल्या त्या आजोबांनी सांगितलेला हिशेब मी डोळ्यांनी पाहिला. ओट्यावर पाच-सहा जण जमले होते. प्रत्येक घर उलटून पाहणं चाललं होतं: अमक्याचा जावई तिकडचा, तमक्याचा विहिरीच्या मोटारीचा अर्ज मंजूर झाला नव्हता. प्रल्हादराव बाजेवर बसून नुसते ऐकत होते. शेवटी त्यांचा पुतण्या गजानन म्हणाला, "काका, एवढं कायले शोधता? युसुफभाईच्या घरात मतं किती? अन् त्याच्या भावाच्या? झाले नऊ."

कुणी होकार दिला नाही, पण नाहीही म्हणालं नाही. मला वाटलं प्रल्हादराव त्याला झापतील. ते बाजेची सैल दोरी आवळत बसले.

थोड्या वेळाने युसुफभाई नेहमीप्रमाणे चहाला आले. रोज ते न विचारता बाजेवर बसत. आज बाजेवर कुणी सरकलं नाही. ते एक पाय पायरीवर ठेवून उभे राहिले.

"काय झालं, पल्हाद?"

"तुले माहीत नाई?"

"लीड गेली ते माहीत हाये. दुसरं काय?"

"नऊ मतं होती, युसुफ. घरातलेच फिरले तं मानसानं कोनाकडं पाहाव?"

युसुफभाईंनी ओट्यावरच्या एकेका तोंडाकडे पाहिलं. त्यांना समजलं. "तू इचारून राह्यला का सांगून राह्यला?" ते म्हणाले. "इचारत अशीन तं सांगतो. सांगत अशीन तं जातो."

प्रल्हादराव जमिनीकडे पाहत राहिले. युसुफभाईंनी पायरीवरचा पाय खाली घेतला. तेवढ्यात कुसुम चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. तिने आतून सगळं ऐकलं होतं.

"बस युसुफभाऊ, जाऊ नोको," ती म्हणाली, आणि मग नवऱ्याकडे वळली. "त्यातलं एक मत माहं होतं. बाकीच्यायचं मले माहीत नाई."

"काय म्हनून राह्यली?"

"मी आपल्या मानसाले नाई देलं. दुसऱ्याले देलं."

गजाननने "काकू!" असं काहीतरी म्हटलं. प्रल्हादरावांनी त्याला हातानेच थांबवलं. "काहून?" त्यांनी विचारलं. त्यांचा तो मोठा आवाज कुठे गेला होता कोण जाणे.

"लीड आली असती तं तिकीट आलं असतं. सही माही, अन् खुर्ची तुमची. उभं मले राहाचं होतं, अन् साऱ्या अनसिंगले माहीत. मले कोनी इचारलं?"

ओट्यावरचं एकेक जण उठलं. कुणाला बैल सोडायचे आठवले, कुणाला दळण. गजानन सगळ्यांत आधी गेला. मग प्रल्हादराव बाजेवर थोडे सरकले आणि म्हणाले, "बस." युसुफभाई बसले. त्यांनी चहा घेतला, पण अर्धाच प्याले आणि अद्रकाबद्दल काही बोलले नाहीत. ते गेल्यावर तो कप कुसुमने बराच वेळ उचलला नाही.

त्याच दिवशी नागपूरहून येणारी पुण्याची ट्रॅव्हल्स मला शेलूबाजारला पकडायची होती. दोघंही सोडायला आली. सबंध वाटेत ते बोलले तर माझ्याशी, ती बोलली तर माझ्याशी, आणि मी मध्ये बसून दोन्हीकडे हो हो करत होते. शेलूबाजारला बाजार भरलेला होता; जीपा, हायवेवरचे ट्रक, पोत्यांच्या थप्प्या, हरभऱ्याच्या बियाण्याचा भाव करणारे शेतकरी. कालच्या मिरवणुकीचा गुलाल रस्त्याच्या कडेला धुळीत मिसळून गेला होता. विजयाच्या गोष्टी मात्र एका टपरीवर चालल्या होत्या आणि दुसरीवर पराभवाच्या. गाडीला उशीर होता. आम्ही तिसऱ्या टपरीवर बसलो.

प्रल्हादराव मला वाटेत खायला जांब (पेरू) घेऊन आले. पिशवी माझ्या हातात देऊन ते बसले नाहीत, उभेच राहिले.

"ताई, हिले एक इचारायचं होतं."

"मग मला काय सांगता? ती इथेच बसली आहे," मी म्हटलं. माझा संयम तोवर संपला होता.

ते कुसुमकडे वळले. लग्नाला इतकी वर्षं झालेला माणूस, पण त्यांना सुरुवात कुठून करावी ते सापडेना. "आता तं तिकीट गेलं," ते म्हणाले. "पन समज, गेलं नसतं. मी तुले पयले इचारलं असतं, तं तू उभी राह्यली असती का?"

कुसुमने चहाचा पेला खाली ठेवला.

"राह्यली असती," ती म्हणाली. "काहून नाई राह्यली असती? बायायच्या बचत गटात दहा वर्सं लोकायची कामंच तं करून राह्यली मी. अन् लीड बी देली असती तुमाले. नऊ बाया तं मी एका सकायी नेल्या असत्या."

गाडी आली, क्लीनर ओरडायला लागला आणि मला पळावं लागलं. खिडकीतून पाहिलं तेव्हा प्रल्हादराव अजून उभेच होते. कुसुमने बाकावर सरकून त्यांना जागा केली होती.

पुण्यात सगळे विचारतात, तिकडे वारं कुणाचं होतं. निकाल तर पेपरात आला आहे, तो मी वेगळा काय सांगणार? त्या गावातली नऊ मतं कुणाची होती, ते तिथे अजून कुणाला कळलेलं नाही. एकाच मताचा पत्ता लागला आहे, आणि ते मत प्रल्हादरावांना नुसतं विचारून मिळालं असतं.