यमुनाताईंचा फिका चहा

ग्लासगोबाहेरच्या शेडमध्ये यमुनाताई बर्चच्या झाडातून काढलेल्या गोडसर रसाचं सिरप करत. रसातलं पाणी वेगळं काढणाऱ्या यंत्रातला गाळणीसारखा मेंब्रेनचा पडदा चिकट होऊन तुंबला, तसा त्यांनी तो साबणाच्या कोमट पाण्याने धुतला आणि बुळबुळीतपणा जाईपर्यंत दुपारभर विसळला. धुताना पडदा फाटला असेल, तर पाण्याबरोबर साखरही वाहून जाणार आणि सगळा रस वाया जाणार होता.

यंत्रात रस सोडल्यावर बाहेर पडलेल्या पाण्याचा त्यांनी वरून साखर न घालता कोरा चहा केला.

“अहो, घ्या. खरं सांगा.”

त्यांच्या यजमानांनी, उदयरावांनी, घोट घेऊन तोंड वाकडं केलं. “अगं, किती फिका! साखर संपली का?”

“संपली नाही, सगळी रसाच्या टाकीत राहिली!” ताई हसल्या. “आता उठा आणि कढईखालचा बर्नर पेटवा.”